उन्हात ठेवून मग उघड

प्रिय खारुताई,

पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'उन्हात ठेवून मग उघड' असं लिहिलेलं वाचून हसली असशील. आत्याला म्हातारचळ लागला, पत्राचंही वाळवण घालायला सांगतेय, असं म्हणाली असशील. हस बाई, खुशाल हस. पण ठेवलं होतंस ना? नसशील ठेवलं तर आत्ताच्या आत्ता हे खाली ठेव, साबणाने हात धू, पोराला जवळ येऊ देऊ नकोस आणि कागद खिडकीत उन्हाला लावून ये. मी थांबते, मला कुठं जायचंय. असं का लिहिलं ते शेवटी सांगेन. आधीच सांगितलं तर बाकीचं तू वाचायची नाहीस. लहानपणी मी गोष्ट सुरू केली रे केली की "आत्या, शेवटी काय झालं ते सांग" म्हणून माझ्या मांडीवर धपाटे घालायचीस. तेव्हा ऐकलं नाही, आताही ऐकणार नाही. गोष्ट आपल्या क्रमानेच यायची.

फोन लागत नाही म्हणून तू घाबरली असशील, तर आधी त्याचं सांगते. वादळी वाऱ्याने आमचा टॉवर बंद पाडला. दुरुस्तीवाला बिचारा पलीकडून आला होता, पण आमच्या शहाण्यांनी त्याला धक्क्यावर पाय ठेवू दिला नाही. शाळेच्या मास्तरांनी लांबूनच ओरडून विचारलं, "बोटीत बसून दुरुस्त होईल का?" तो म्हणाला, "होईल की. टॉवर तेवढा खाली पाठवा." आणि बोट वळवून निघून गेला. तेव्हापासून सगळं बेट मुकं झालंय. मालाची बोट येते तिच्यात दोरीने पत्र्याचा डबा सोडायचा, त्यात पत्रं टाकायची, एवढाच आमचा जगाशी संबंध.

त्याच डब्यातून तुझं पत्र आलं. मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटायला आलाय. त्या एका खोलीत तू आणि पोर, जावईबापू जहाजावर आणि जहाजाला कुठलंच बंदर जवळ करत नाही. खिडकी उघडली की खालून गाड्यांचे भोंगे, बंद केली की पोराला धाप लागते. आपल्या घराण्यात कुणाची छाती अशी नाजूक नव्हती गं, हे कुठून आलं लेकराच्या वाट्याला? आणि तुझ्या वरच्या मजल्यावरच्या त्या बाई! सकाळी कॉफी केली आणि नवऱ्याला म्हणाल्या, ही कसली पूड आणलीत, हिला वासच नाही. त्यावरून नवरा-बायको कडाकडा भांडले, ते तुला जिन्यात ऐकू आलं, आणि मग दोघांनाही दवाखान्यात घेऊन गेले. तू लिहिलंस, "आत्या, या रोगात ताप मागून येतो. आधी वास जातो." हे आमच्या नर्सबाईंनाही ठाऊक नव्हतं. मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते दवाखान्याच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं. आणि पत्राच्या शेवटी तुझी ती एक ओळ, "आत्या, आम्ही घरी येऊ का?" त्या एका ओळीपायी मी इथे काय काय केलं, ते ऐक.

रोगाची बातमी पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आली. इथली प्रत्येक बातमी आधी पाव घ्यायला येते आणि मग गावात जाते, हे तुला माहीत आहेच. सुरुवातीला सगळ्यांना गंमतच वाटली. चहूकडून पाणी, मध्ये आपण. रोग काय पोहत येणार आहे? आपला सुकाणूमामा तर म्हणाला, "आला पोहत तर मी त्याला वल्हं मारीन." तुला पोहायला शिकवायचं म्हणून धक्क्यावरून ढकलून देणारा तो हाच. अजून तसाच आहे. मालाची बोट तोच चालवतो, अंगात तोच ठिगळांचा कोट, आणि पाव घेताना अजूनही म्हणतो, "भट्टीवाले, कडेचा दे. कडक बाईच्या हातचा कडक पाव." मग हळूहळू पलीकडच्या गावात माणसं आजारी पडल्याचं कळू लागलं, आणि खिडकीशी हसणं कमी झालं. लोक पाव घ्यायचे आणि आपापल्या घरी जायचे. गप्पा नाहीत. मी कधी नव्हे ते पाव शिळे होताना पाहिले.

मग मास्तरांनी सूत्रं हातात घेतली. माणूस वाईट नाही गं, पण हातात छडी आली की सगळं जग त्याला वर्गच वाटतं. प्रवाशांची बोट बंद केली. बोटीवरून उतरायची लाकडी फळी धक्क्यावरून उचलून शाळेत नेऊन ठेवली, साखळीने बाकाला बांधली, जणू ती रात्री उठून आपल्या पायांनी परत जाणार होती. स्वतः दुर्बीण घेऊन गच्चीवर बसले. पक्षी बघायला आलेलं एक जोडपं इथे राहत होतं, त्यांना शेवटच्या बोटीत बसवून दिलं. त्या बाईचा पाय मुरगळला होता. ती लंगडत लंगडत उतारावरून धक्क्यापर्यंत गेली आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या आमच्यापैकी एकानेही तिला हात दिला नाही. आदल्या दिवशी तिनं माझ्याकडून पाव घेतला होता आणि छान झालाय असं सांगायला मुद्दाम परत आली होती. मीही उभीच राहिले. तो दिवस मला आवडला नाही. आपलं बेट असं कधी नव्हतं.

आता मालाची बोट थांबवून चालणार नव्हतं, कारण पीठ समुद्रात पिकत नाही. म्हणून ठरलं की सुकाणूमामा पलीकडून माल आणील आणि आम्ही तो धुऊन घेऊ. काय सांगू तुला ती धुलाई! पिठाच्या पोत्यांना बाहेरून साबणाचे फडके. बटाट्यांना टबात अंघोळ. शिंपीणकाकूने तर साखरेचा पुडा धुतला. मग पातेल्यात गोड पाणी घेऊन बसली आणि म्हणते कशी, "चला, सरबताची सोय झाली." आणि एवढं सगळं सोवळं झालं की माल वर कसा न्यायचा? जसा पिढ्यान्‌पिढ्या नेतात तसाच. धक्क्यापासून कोठारापर्यंतच्या पायऱ्यांवर प्रत्येक घराचा एक माणूस, खांद्याला खांदा लावून, हातसाखळी करून. ह्याच्या हातातून त्याच्या हातात पोतं, वर गाणी, थट्टा, शिव्या. तुला आठवते ना आपल्या घराची पायरी? खालच्या वळणाची, जिथे एका माणसाचा हात पोचत नाही म्हणून आपल्या घराला दोन माणसं द्यावी लागतात. तू गेल्यापासून तुझी जागा मी कुणाला दिली नाही. मी एक पाऊल इकडे टाकून पोतं घेते आणि एक पाऊल तिकडे टाकून देते. लोक म्हणतात भट्टीवाली नाचते. नाचू दे. जागा अडवून ठेवली म्हणजे माणूस परत येतं, अशी माझी एक वेडी समजूत आहे.

आता तूच बघ आमची अक्कल. बटाटा धुतला आणि माणसं एकमेकांच्या तोंडात तोंड घालून गाणी म्हणत उभी. पण तेव्हा ते एकाच्याही ध्यानात आलं नाही. आपल्याच माणसांपासून काय धोका? आपल्या बेटावर परका म्हणजे रोगी आणि आपला म्हणजे धडधाकट, इतका सोपा हिशेब होता.

तुझं पत्र घेऊन मी जाळ्यांच्या शेडमधल्या सभेत गेले. म्हटलं, माझी पोर यायची म्हणते. सोबत लहान लेकरू आहे. आल्यावर हवं तर वेगळं ठेवा, पण येऊ द्या. मास्तर म्हणाले, "भट्टीवाल्या आत्या, नियम म्हणजे नियम. ती आता तिकडची झाली." तिकडची! माझ्या भट्टीच्या उबेला वाढलेली पोर तिकडची! मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, मास्तर, तुम्हाला तिने शाळेत गणितं सोडवून दिली होती, तेव्हा इकडची होती का? सगळी शेड हसली, पण हात वर करायची वेळ आली तेव्हा हसणारेच खाली बघायला लागले. एकटा सुकाणूमामा उठला. म्हणाला, "मी रोज पलीकडे जातो, तिथल्या हमालांशी बोलतो, तिथला चहा पितो आणि संध्याकाळी घरी येऊन जेवतो. मला कुणी अडवत नाही. मग मी कोण?" लोक म्हणाले, "अरे, तू आपलाच!" तो म्हणाला, "मग ती काय आभाळातून पडली?" पण त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते डोळ्यांदेखत घडत होतं. मलाही त्या वेळी त्याचं बोलणं फक्त तुझ्या बाजूचं वाटलं. त्यात दुसरं काय आहे ते मीही ऐकलं नाही.

घरी येऊन मी चुलीशी बसून रडले. शिंपीणकाकू भिंतीपलीकडून म्हणाली, "पाव बंद कर त्यांचे. पोटाला चिमटा बसला की सुतासारखे सरळ येतील." मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण तुझा बाप समुद्रात गेला तेव्हा याच लोकांनी बोटी घालून आठवडाभर पाणी चाळलं होतं. कुणी जेवायला घरी गेलं नव्हतं. त्यांच्या पोटावर मारायचा हात माझ्याकडे नाही. तेव्हा तू एवढीशी होतीस. माझ्याकडे आणून सोडली तर कुणाशी बोलेना. पावाच्या कडा तेवढ्या खायचीस आणि त्याही एकदम नाही. गालात साठवून कोपऱ्यात जायचीस. खारुताई नाव तेव्हाचं. मला तेव्हा लेकरू कसं सांभाळतात ते माहीत नव्हतं, पण पीठ कसं सांभाळतात ते माहीत होतं. म्हटलं, तेच करू. ऊब द्यायची, झाकून ठेवायचं आणि सारखं उचकटून बघायचं नाही. फुगलीस हळूहळू.

मग तू माझ्या नाकाच्या परीक्षा घ्यायला लागलीस, आठवतं? माझ्या डोळ्यांना फडकं बांधायचीस आणि अंगणात उभी करायचीस. आत्या, आत कुठला पाव आहे? आत्या, झाला की व्हायचाय? मी कधी चुकले नाही. आयुष्यात घड्याळ लावून पाव भाजला नाही मी. पांढरा वास, मग पिवळा, मग तांबूस, आणि तांबूस झाला की बाहेर काढायचा. तू विचारायचीस, वासाला रंग असतो का? मी म्हणायचे, नाकाला डोळे असले की असतो. आणि पुढे पलीकडच्या शाळेत तुला हॉस्टेलवर ठेवलं तेव्हाची तुझी पत्रं तर मी अजून पिठाच्या डब्यावर ठेवलीत. तू लिहायचीस की सकाळी गच्चीवर गेलं की बेट दिसतं आणि बेटावर आपल्या धुराड्याचा धूर दिसतो. तो दिसला की घरी जाऊन आल्यासारखं वाटतं. मी तेव्हापासून मुद्दाम एक ओलं लाकूड घालायला लागले, धूर जरा जाड व्हावा म्हणून. शिंपीणकाकूच्या वाळत घातलेल्या कपड्यांना काजळी बसायची. ती भांडायला यायची आणि मी तिला गरम पाव देऊन परत पाठवायचे. तुला हे आजवर सांगितलं नव्हतं.

तर सभेनंतरच्या फेरीला सुकाणूमामा माल घेऊन आला, बोट बांधली आणि नेहमी बोटीवरच बसणारा हा माणूस पायऱ्या चढून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तुझ्या जागेवर. म्हणाला, "सभेत जमलं नाही, निदान एवढं तरी करतो. पोर येईपर्यंत तिची जागा मी धरतो." मला इतकं बरं वाटलं गं. कितीतरी काळाने मला पाऊल इकडे-तिकडे टाकावं लागलं नाही. आम्ही दोघांनी मिळून गाणं धरलं. मध्ये मध्ये तो खोकत होता. म्हटलं, काय रे, म्हातारा झालास. म्हणाला, "पीठ उडतंय तुझं." दुसऱ्या दिवशी त्याने बोट नेली नाही. त्याच्या बायकोने सांगितलं, ऊन लागलं. मग नर्सबाई त्याला बघून आल्या. दवाखान्याचं दार लावून घेतलं तेव्हा आम्हाला कळलं.

त्या दिवसापासून बेट बदललं. साखळी मोडली. माल धक्क्यावर पडून राहतो आणि ज्याने त्याने यायचं नि आपलं आपलं उचलायचं. बोट आता पलीकडच्या गोदामवाल्याचा माणूस आणतो आणि खाली उतरत नाही. मास्तरांची दुर्बीण समुद्राकडून गावाकडे वळली. सुकाणूमामाच्या दारासमोरून जाताना लोक श्वास रोखून पळतात. कुणीतरी त्याच्या कुंपणावर लाल फडकं बांधलं. परवापर्यंत 'तू आपलाच' म्हणणारी हीच तोंडं. आता म्हणतात, "याने आणला." याने पीठही आणलं, औषधंही आणली, ते कुणी म्हणत नाही. मी त्याच्या कुंपणापाशी पाव ठेवून हाक मारून मागे सरकते. त्याची बायको खिडकीतून हात जोडते. काल त्याचा खोकला ऐकू आला नाही. म्हटलं, बरं वाटत असेल. तेवढ्यात ती म्हणाली, "खोकायलाही ताकद नाही."

मी माझीही पद्धत बदलली. भट्टीत पाव सरकवायची आपली ती लांब दांड्याची फळी आहे ना, तिच्यावर पाव ठेवून खिडकीतून बाहेर काढते. घेणाऱ्याने तिच्या टोकाशी यायचं, पुढे नाही. पोरं म्हणतात, भट्टीवाली आजी मासे पकडतेय. हसतात बिचारी. सध्या दिवसभरात तेवढंच हसू ऐकू येतं. बाकी सगळं गप्प आहे. मासेमारीच्या बोटी ओढून ठेवल्यात, जाळी सुकून कडक झालीत. दोन दिवस झाले, धक्क्यावरचा मासळीचा वाससुद्धा नाही. कालपासून चहाही पाणचट लागतोय. मी शिंपीणकाकूला म्हटलं, तुझी पत्ती शिळी. ती म्हणाली, "माझी पत्ती कडक आहे, तुझी जीभच शिळी."

आणि मग एक दिवस मास्तर आले. फळीच्या टोकाशी उभे राहिले. दाढी वाढलेली, हातात दुर्बीण नाही. पाव उचलला नाही. मग म्हणाले, "आत्या, मी दारं लावत बसलो आणि तो घरातच जेवत होता. आता कुणाच्या तोंडाने कुणाला अडवू? तिला बोलवा." आणि चिठ्ठी दिली, बोटवाल्याने तुला नि पोराला घ्यावं म्हणून. चिठ्ठीशिवाय तो कुणालाच घेत नाही. अगं, मी आनंदाने आतल्या आत नुसती उडत होते. मनात आलं नाही असं नाही, की इथेही एक आजारी आहे. पण म्हटलं, एकच आहे, दार लावून आहे, आणि शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. माणसाला जे हवं असतं त्याच्याकडे जायला शंभर वाटा सुचतात. शाळेची मागची खोली मी स्वतः झाडली, जाळी-जळमटं काढली, भिंतींना चुना मारला. चुन्याची पोराला बाधा नको म्हणून खिडक्या उघड्या ठेवून वाळवला. दोन खाटा लावल्या. तुझी लहानपणीची गोधडी धुऊन उन्हात घातली. उंबऱ्याजवळची फट बुजवली, वारा येऊ नये म्हणून. तिथून समुद्र दिसतो आणि उडी मारली तर माझं धुराडंही दिसतं. पोराला उडी मारायला निमित्त होईल म्हटलं.

आता शेवट सांगते, कारण तू मघापासून माझ्या मांडीवर धपाटे घालत असशील. आज सकाळी पाव भट्टीत घातले आणि अंगणात बसून हे पत्र लिहायला घेतलं होतं. 'ये' असं लिहिण्यासाठीच घेतलं होतं. मी वासाची वाट बघत होते, आज वेळ लागतोय असं वाटत होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून शिंपीणकाकू किंचाळली, "अगं मेले, गाव जाळतेस का? पाव जळाले!" मी वळून बघितलं तर दारातून काळा धूर येत होता आणि मला कसला म्हणजे कसला वास आला नव्हता. आत गेले, जळलेला पाव हातात धरून नाकाशी नेला. नुसती गरम हवा. कांदा चिरला, रॉकेलचा डबा उघडला, काही नाही. सगळं एकाच रंगाचं. मग तुझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंची कॉफी आठवली, आणि तुझ्या जागेवर उभा राहून खोकणारा मामाही आठवला. नर्सबाईंना खिडकीतूनच सांगितलंय. त्यांनी फळ्याकडे बघितलं नि मान हलवली. ताप अजून नाही, पण तूच लिहिलंस, तो मागून येतो. म्हणून पहिला कागद फाडून हा दुसरा लिहायला घेतला, तोंडाला दुहेरी फडकं बांधून आणि हात धुऊन, आणि म्हणूनच पाकिटावर ते उन्हाचं लिहिलं. खारुताई, तू येऊ नकोस. मास्तरांची चिठ्ठी मी पाकिटात घातलेली नाही, भट्टीत घातली. तुझ्या हातात पडली असती तर तू माझं एक ऐकलं नसतंस, पोराला काखोटीला मारून बोटीत बसली असतीस. आणि त्याच्या छातीला हे सोसणार नाही. माझ्या राखलेल्या जागेपेक्षा त्याचा श्वास मोठा. पण त्या खोलीतही राहू नकोस. पलीकडच्या धक्क्यावर गोदाम आहे ना, त्याच्या माडीवरची खोली रिकामी आहे. जिना बाहेरून आहे, कुणाशी संबंध येत नाही आणि तिन्ही बाजूंनी समुद्राचा वारा. सभेत नकार मिळाला तेव्हाच गोदामवाल्याने ती द्यायची कबूल केली होती. मी तुला कळवलं नाही, कारण मला तू इथेच हवी होतीस. माणूस भरवशाचा आहे. त्याने एकदा मला मागणी घातली होती, पण माझे हात कणकेत होते म्हणून नाही म्हटलं. अजून राग धरलेला नाही. हे वाचून झालं की आवराआवर कर. त्या खोलीच्या खिडकीतून आपलं बेट समोर दिसतं. रोज सकाळी पोराला घेऊन खिडकीशी उभी राहा. लोकांसाठी आता पाव करायचा नाही, ते कळतं मला. पण भट्टी मी रोज पेटवीन, रिकामीच, आणि तुझं ते ओलं लाकूड घालीन. धूर दिसला की समज, आत्या उठली, चूळ भरली, शिंपीणकाकूशी भांडली. पोरालाही दाखव आणि सांग की तिथे तुझी जागा राखून ठेवली आहे. आणि एखाद्या सकाळी धूर दिसला नाही तर धावत सुटू नकोस. लाकडं फारच ओली निघाली असतील असं समज, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघ.

तुझीच,
नाक हरवलेली आत्या